कलाश्निकोव्ह : श्रेय कोणाचे, दोष कोणाचा

सप्टेंबर २०१७ मध्ये मॉस्कोच्या गार्डन रिंग रस्त्यालगत मिखाइल तिमोफेयेविच कलाश्निकोव्ह यांचा सात मीटरांहून उंच पुतळा उभा राहिला. हातात अर्थातच त्यांची एके-४७ रायफल होती. अनावरण होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच शस्त्रांच्या जाणकारांनी एक गोष्ट दाखवून दिली. स्मारकाच्या मागच्या भागावर बंदुकीच्या सुट्या भागांचे जे रेखाचित्र कोरले होते, ते एके-४७चे नव्हतेच. ते दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन स्टुर्मगेव्हेर-४४चे होते. शिल्पकार सलावात शेरबाकोव्ह यांनी चूक कबूल केली आणि कामगारांनी तेवढा भाग कापून काढला.

ही चूक दुसऱ्या कोणत्याही पुतळ्यावर झाली असती तर एवढी बोचली नसती. पण कलाश्निकोव्ह यांनी जर्मन बंदुकीची नक्कल केली, हा आरोप त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता आणि ते अखेरपर्यंत तो नाकारत आले होते. त्या आरोपापाठोपाठ आणखी दोन प्रश्न नेहमी येतात. ही रायफल खरोखर एका माणसाची होती का, की सोव्हिएत राज्याने अनेकांच्या कामावर एकच नाव लावले? आणि या रायफलीने जे मारले गेले, त्यांचा हिशेब त्या नावाच्या माणसाकडे मागायचा का? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. श्रेय ज्या मापाने मोजायचे, दोषही त्याच मापाने मोजला पाहिजे. त्यासाठी आधी तो माणूस पाहावा लागतो.

अल्ताई प्रदेशातल्या कुर्या गावी १० नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांना एकूण एकोणीस मुले झाली, जगली आठ. मिखाइल सतरावा. घर शेतकऱ्याचे, कष्टाचे. १९३० मध्ये सामुदायिक शेतीच्या मोहिमेत या कुटुंबावर ‘कुलाक’ म्हणजे श्रीमंत शेतकरी असा शिक्का बसला, जमीन आणि जनावरे गेली, आणि सगळ्यांना सैबेरियात तोम्स्क भागातल्या निझ्न्याया मोखोवाया नावाच्या वस्तीत हद्दपार केले गेले. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात वडील तिमोफेय गेले. मुलगा तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा होता.

पुढचे त्यांनी स्वतः सांगितले आहे, पण फार उशिरा, सोव्हिएत संघ मोडल्यानंतर. पौगंडावस्थेत तो हद्दपारीतून निसटला, मूळ गावी परतला, खोटा शिक्का तयार करून कागदपत्रे बनवली. एक जुने ब्राउनिंग पिस्तूल हाती लागले, ते त्याने साफसूफ करून चालते केले. त्याचा सुगावा लागल्यावर काही दिवस कोठडीत काढले, तरी पिस्तूल असल्याचे कबूल केले नाही. सुटल्यावर त्याचे तुकडे करून फेकून दिले आणि कझाकस्तानात तुर्कस्तान-सैबेरिया रेल्वेवरच्या मताई स्थानकात नोकरी धरली. रेल्वेचे कारखाने, लेथ, फाइल, व्हाइस यांच्याशी ओळख झाली ती तिथे. शिक्षण अर्धवट राहिले होते आणि मनात मात्र कवी व्हायचे होते. कविता ते पुढेही लिहीत राहिले.

माझ्या मते या माणसाला समजून घ्यायचे तर सारे लक्ष इथे द्यावे लागते. ज्या राज्याने बापाला मारले, त्याच राज्याने पुढे मुलाला स्टालिन पारितोषिक दिले, सर्वोच्च सोव्हिएतचा सभासद केले, दोनदा समाजवादी श्रमवीर म्हणून गौरवले. आणि या सगळ्या वर्षांत आपण कुलाकाचा मुलगा आहोत, खोट्या कागदांवर पळून आलो आहोत, ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. ती उघड झाली असती तर गुप्त शस्त्राच्या कारखान्यात त्यांना पाऊल ठेवता आले नसते. तरीही स्टालिनविषयीचा त्यांचा आदर शेवटपर्यंत कमी झाला नाही. याला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे. मला ते तसे वाटत नाही. ज्याचे सगळे स्थान एका कहाणीवर उभे आहे, त्याला ती कहाणी मोडणे परवडत नाही. हळूहळू ती त्याची स्वतःचीच होऊन जाते. रायफलीच्या जन्माविषयी ते जे सांगत आले, ते वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१९३८ मध्ये ते लाल सेनेत भरती झाले. उंची कमी आणि हात यंत्राला सरावलेले, म्हणून रणगाड्यावर नेमणूक झाली. तिथे त्यांनी रणगाड्याच्या तोफेतून किती गोळे सुटले हे मोजणारे आणि इंजिन किती वेळ चालले हे नोंदवणारे उपकरण बनवले. कीव्ह लष्करी विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉर्जी झुकोव्ह यांनी या तरुण सैनिकाला बोलावून घड्याळ बक्षीस दिले. युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्र्यान्स्कजवळच्या लढाईत ते जबर जखमी झाले आणि येलेत्सच्या रुग्णालयात पोचले. शेजारच्या खाटांवरचे जखमी सैनिक जर्मनांच्या स्वयंचलित बंदुकांविषयी बोलत, आपल्याकडे त्या पुरेशा का नाहीत असे विचारत. तिथेच वहीत पहिली आकृती उतरली, असे ते सांगत.

आजारपणाच्या रजेत ते पुन्हा मताईला गेले आणि रेल्वेच्या कारखान्यात मित्रांच्या मदतीने एक सबमशीनगन बनवली. १९४२ मध्ये ती समरकंदला हलवलेल्या तोफखाना अकादमीतले तज्ज्ञ अनातोली ब्लागोन्राव्होव्ह यांच्यापुढे गेली. बंदूक नाकारली गेली, कारण श्पागिनची पीपीएश आणि सुदायेव्हची पीपीएस तिच्यापेक्षा सोप्या आणि स्वस्त होत्या. मात्र या स्वयंशिक्षित मुलात गुण आहे, त्याला शिकवावे, असे ब्लागोन्राव्होव्ह यांनी लिहिले. मॉस्कोजवळच्या श्चुरोव्होच्या चाचणी मैदानावर त्यांना जागा मिळाली. १९४३ची हलकी मशीनगन आणि १९४४ची कार्बाइन, दोन्ही नापास झाल्या. याच मैदानावर आराखडे काढणाऱ्या येकातेरिना मोइसेयेवा भेटल्या. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

आता मुख्य गोष्टीकडे. एके-४७ हा एकट्याला सुचलेला चमत्कार नव्हता आणि तसा तो असणे शक्यही नव्हते, कारण तिची सुरुवात बंदुकीपासून नाही, काडतुसापासून होते. जुन्या रशियन रायफलीचे काडतूस किलोमीटरभर लांबच्या माऱ्यासाठी होते. महायुद्धात दिसून आले, की पायदळाची बहुतेक चकमक तीनशे-चारशे मीटरांच्या आत होते. एवढ्या अंतरासाठी जुने काडतूस जड आणि जोरकस. पिस्तुलाचे काडतूस अपुरे. मधले काडतूस हवे होते. निकोलाय येलिझारोव्ह आणि बोरिस स्योमिन यांच्या चमूने १९४३ मध्ये ते काम हाती घेतले आणि त्यातून ७.६२ बाय ३९ मिलिमीटरचे काडतूस आले. या दोघांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, पण त्यांच्या काडतुसाशिवाय ही रायफल झालीच नसती.

त्या काडतुसासाठी पहिली दमदार रायफल आणली ती अलेक्सेय सुदायेव्ह यांनी. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये पीपीएस बनवणारे हेच. त्यांची एएस-४४ जड होती, पण दिशा बरोबर होती. १९४६च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, सुदायेव्ह वारले. ते जगते तर आज सगळ्या जगाला कदाचित दुसरेच आडनाव माहीत असते. त्याच वर्षी अशा रायफलीसाठी नवी स्पर्धा सुरू झाली. कलाश्निकोव्ह यांना कोव्ह्रोव्हच्या शस्त्र कारखान्यात काम करायला पाठवले गेले आणि तिथे अलेक्सांद्र झाइत्सेव्ह हे तरुण अभियंते त्यांच्या जोडीला आले.

इथे थांबून तपशील पाहिला पाहिजे, कारण सारा वाद इथलाच आहे. १९४६ची कलाश्निकोव्ह रायफल आणि १९४७ची, या दोन बऱ्याच वेगळ्या बंदुका आहेत. मधल्या काळात रचना मुळापासून बदलली: दट्ट्या आणि बोल्टचा वाहक एकत्र आले, बॉडीचे वरचे झाकण आले, सेफ्टीचा आणि सिंगल-बर्स्टचा खटका एकच झाला. हा बदल आपण सुचवला आणि कलाश्निकोव्ह आधी तयार नव्हते, असे झाइत्सेव्ह यांनी नंतर आठवणींत नोंदवले आहे. प्रतिस्पर्धी अलेक्सेय बुल्किन यांच्या नमुन्यातल्या काही कल्पना नव्या रचनेत दिसतात, हेही तज्ज्ञांनी दाखवले आहे. चाचणी मैदानावरचे अधिकारी वासिली ल्यूती आणि तोफखाना खात्याचे व्लादिमीर देइकिन यांनी सुधारणा सुचवल्या. बाहेरूनही उसनवारी होतीच. चापाची जुळणी अमेरिकन गॅरँड रायफलीच्या जवळची आहे आणि उजव्या बाजूचा लांब खटका जुन्या रेमिंग्टन-८ची आठवण करून देतो.

मग नक्कल झाली का? सोव्हिएत स्पर्धेचे नियम पाहिले तर हा शब्द लागू पडत नाही. दुसऱ्याच्या नमुन्यातली चांगली गोष्ट घेणे तिथे गुन्हा नव्हता, अपेक्षितच होते. पेटंट नव्हते, मालक एकच होता आणि तो म्हणजे राज्य. अखेरच्या फेरीत, डिसेंबर १९४७ ते जानेवारी १९४८ या काळात, कलाश्निकोव्ह, बुल्किन आणि देमेन्त्येव्ह असे तिघे उरले. बर्स्टमधल्या, म्हणजे सलग गोळीबारातल्या, अचूकतेची अट तिघांपैकी कोणालाच पुरी करता आली नाही. विश्वासार्हतेत मात्र कलाश्निकोव्हची रायफल पुढे होती. निर्णय असा झाला, की ही रायफल घ्यावी, अचूकता नंतर सुधारू. नंतर ती फारशी सुधारली नाही. मला हा निर्णय या कहाणीतला सर्वांत दूरगामी वाटतो आणि तो घेणाऱ्या मंडळात कलाश्निकोव्ह नव्हते. अचूक पण नाजूक रायफल निवडली गेली असती, तर पुढे अर्ध्या जगातल्या अप्रशिक्षित हातांना ती पेलली नसती.

जर्मन आरोपाचे काय? ह्युगो श्मायसर, स्टुर्मगेव्हेर-४४चे निर्माते, ऑक्टोबर १९४६ मध्ये इतर जर्मन तंत्रज्ञांसोबत इझेव्हस्कला नेले गेले आणि १९५२ पर्यंत तिथे होते. एके-४७चे उत्पादनही इझेव्हस्कलाच झाले. एवढ्यावरून अनेकांनी दोन अधिक दोन केले. पण काळ आणि जागा तपासली तर हे जुळत नाही. एकेचे नमुने कोव्ह्रोव्हला घडले. कलाश्निकोव्ह इझेव्हस्कला आले ते १९४८ मध्ये, रायफल निवडली गेल्यावर. आतले यंत्रही वेगळे आहे. जर्मन रायफलीत बोल्ट तिरपा होऊन अडकतो, एकेमध्ये तो फिरून दोन कंगोऱ्यांनी लॉक होतो. दिसायला दोन्ही सारख्या, कारण वाकडे मॅगझिन आणि नळीवरची गॅसची नळी दोघांत आहेत. जर्मन रायफलीने सोव्हिएत लोकांना दिशा दाखवली हे खरे. तिचे नमुने आणि हजारो पानांची रेखाचित्रे त्यांनी तपासली होती. पण यंत्र त्यांचे स्वतःचे होते. पत्रा दाबून बॉडी बनवण्याच्या कलेत श्मायसर निष्णात होते. ती कला त्यांनी शिकवली असती तर पहिल्या एकेंचे पत्र्याचे उत्पादन सुरळीत झाले असते. प्रत्यक्षात ते फसले. इतक्या बॉडी वाकड्या निघून बाद झाल्या, की काही वर्षांतच कारखाना लोखंडाच्या ठोकळ्यातून मिलिंग करून बॉडी कोरायच्या महाग पद्धतीवर गेला. पत्रा पुन्हा साधला तो एकेच्या १९५९च्या सुधारित आवृत्तीला, एकेएमला.

या रायफलीत एवढे काय आहे, हे शस्त्रांशी संबंध नसलेल्या वाचकाला थोडक्यात सांगतो. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू वरच्या नळीत शिरतो आणि लांब दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या आणि बोल्टचा वाहक एकच, म्हणून वजन आणि वेग दोन्ही भरपूर. रिकामी पुंगळी झटक्यात बाहेर पडते आणि नवे काडतूस आत सरकते. भागांमध्ये फटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. वाळू, चिखल, बर्फ आत गेले तरी रेटून पुढे जाण्याइतका जोर उरतो. काडतूस निमुळते असल्याने ते कोठीत सहज बसते आणि सहज निघते; मॅगझिन वाकडे दिसते ते त्यामुळेच. नळीला आतून क्रोमचा मुलामा, म्हणून गंज लागत नाही. किंमत मोजावी लागते ती अचूकतेत. पण सोव्हिएत राज्याला हवा होता असा सैनिक, जो काही आठवड्यांत तयार होईल, आणि अशी बंदूक, जी तो अर्ध्या मिनिटात उघडू शकेल. सोव्हिएत शाळांतली मुले ती घड्याळ लावून सोडत आणि जोडत असत.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या हाती आलेली सुरुवातीची एम-१६ वारंवार अडकायची. काडतुसातली दारू बदलली होती, कोठीला क्रोम नव्हता, साफ करायचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. त्या तुलनेने एकेची कीर्ती वाढली. एम-१६चे मूळ रचनाकार यूजीन स्टोनर आणि कलाश्निकोव्ह यांची १९९० मध्ये अमेरिकेत भेट झाली. स्टोनर यांना आपल्या रायफलीमागे रॉयल्टी मिळत होती, कलाश्निकोव्ह यांना एकही कोपेक नव्हता. त्यांना १९४९ मध्ये दीड लाख रूबलचे स्टालिन पारितोषिक मिळाले होते, पुढे लेनिन पारितोषिक, पदके, लेफ्टनंट जनरल पद आणि नव्वदाव्या वाढदिवसाला ‘रशियन संघराज्याचा वीर’ हा किताब मिळाला. पैशाविषयी त्यांनी तक्रार केल्याचे फारसे दिसत नाही.

बंदुकीला माणसाचे नाव देणे ही रशियात रूढ गोष्ट नव्हती, हे इथे सांगायला हवे. १८९१ची प्रसिद्ध तीन-रेषी रायफल सेर्गेय मोसिन यांची. पण तिच्यात बेल्जियन नागांत यांच्या कल्पना होत्या, म्हणून झारने ती कोणाचेच नाव न देता मंजूर केली. मोसिन यांना तीस हजार रूबल मिळाले आणि नागांत यांना दोन लाख. पहिली स्वयंचलित रायफल १९१६ मध्ये आघाडीवर पाठवणारे व्लादिमीर फ्योदोरोव्ह मोठे विद्वान होते. त्यांच्या हाताखाली मेकॅनिक म्हणून तयार झालेले देग्त्यार्योव्ह पुढे स्वतः दिग्गज झाले. सोव्हिएत काळात मात्र नावे बंदुकींवर आली: तोकारेव्ह, श्पागिन, सिमोनोव्ह, मकारोव्ह, द्रागुनोव्ह. पण यांतल्या कोणाची कहाणी कलाश्निकोव्हच्या कहाणीएवढी जगभर पसरली नाही. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, जखमी सार्जंट, शिक्षण नाही, आणि मातृभूमीसाठी शस्त्र घडवतो! राज्याला हवा तसाच नायक होता तो, फक्त हद्दपारीचे पान फाडून टाकायचे होते. एकदा हे नाव रुजल्यावर त्याच्याशी स्पर्धाही अवघड झाली. पन्नाशीच्या दशकात गेर्मान कोरोबोव्ह यांची टीकेबी-५१७ हलकी, स्वस्त आणि बर्स्टमध्ये अधिक अचूक होती. तरी सैन्याने एकेएमच घेतली, कारण कारखाने आणि सैनिक दोन्ही एकेला सरावले होते. १९९०च्या दशकात गेन्नादी निकोनोव्ह यांची एएन-९४ रीतसर स्पर्धा जिंकून स्वीकारली गेली; ती महाग आणि गुंतागुंतीची निघाली, आणि सैन्य एके कुटुंबातल्याच एके-७४कडे राहिले.

माझा निष्कर्ष असा : कलाश्निकोव्ह हे एका चांगल्या चमूचे मुख्य रचनाकार होते, आणि दुसऱ्याच्या कल्पनांतून नेमके उपयोगी तेवढे निवडायची त्यांची नजर विलक्षण होती. पुढे पन्नास वर्षे त्यांनी इझेव्हस्कमध्ये एके कुटुंबातल्या मशीनगन आणि रायफली घडवल्या. १९६१ची पीके मशीनगन आजही जगातल्या उत्तम मशीनगनांत गणली जाते. हे श्रेय मोठे आहे. पण ‘एकट्याने घडवली’ ही ओळ खोटी आहे.

आता दोष. बंदूक पसरली ती आपणहून नाही. सुरुवातीला ती गुप्त होती. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा बाहेरच्या जगाला ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली. त्यानंतर मॉस्कोने तिच्या उत्पादनाचे हक्क मित्रराष्ट्रांना वाटले. चीनची टाइप-५६, पोलंड, पूर्व जर्मनी, रुमानिया, हंगेरी, बल्गेरिया, उत्तर कोरिया, इजिप्त, युगोस्लाव्हियाची स्वतःची आवृत्ती. नियोजित अर्थव्यवस्थेतले कारखाने मागणी असो नसो चालत राहिले आणि गोदामे भरत राहिली. आज या कुटुंबातल्या रायफलींची संख्या जगभरात सात ते दहा कोटी मानली जाते. मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर ती आहे. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्यांना अमेरिकन गुप्तचर खात्याने चीन आणि इजिप्तमधून विकत घेतलेल्या एकेच पुरवल्या. त्या पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत वाटल्या गेल्या आणि वाटेत कितीतरी गळाल्या. दर्रा आदमखेलच्या वर्कशॉपमध्ये तिच्या नकला हाताने घडू लागल्या. १९९७ मध्ये अल्बानियाचे सरकार कोसळले तेव्हा लोकांनी शस्त्रागारे फोडली आणि काही आठवड्यांत पाच लाखांहून अधिक हत्यारे बाहेर पडली.

ही साखळी आपल्या दारापर्यंत आली. ऐंशीच्या दशकात पंजाबात आणि १९८९ नंतर काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या हाती एके होती, तेव्हा आपल्या सैनिकांकडे एकेक गोळी झाडणाऱ्या जुन्या रायफली होत्या; नाइलाजाने भारताने पूर्व युरोपातून लाखभर एके घेतल्या. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्सबरोबर एके-५६ रायफलीही उतरल्या. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसे गेली. १९९५च्या डिसेंबरात पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर विमानातून एकेंचा पाऊस पडला. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांकडे पॉइंट तीन-शून्य-तीन रायफली होत्या, समोर एके होती. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना हल्लेखोर कसाबच्या एकेची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. मुंबईचा माणूस या रायफलीविषयी बोलतो तेव्हा त्याला कलाश्निकोव्ह हे आडनाव आठवत नाही, ती नळी आठवते. ते योग्यच आहे.

कलाश्निकोव्ह यांना हे सगळे दिसत होते. आपण ती मातृभूमीच्या रक्षणासाठी केली, बाकी जबाबदारी राजकारण्यांची, हे त्यांचे ठरलेले उत्तर. २००२ मध्ये जर्मनीत ते म्हणाले होते, की शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे गवत कापायचे यंत्र शोधले असते तर बरे झाले असते. आयुष्याच्या अखेरीस मात्र उत्तर डळमळले. त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरील यांना पत्र लिहिले. माझ्या रायफलीने माणसांचे प्राण घेतले, मग ती माणसे शत्रूची असली तरी त्या मृत्यूंचा दोषी मी आहे का, असे शेतकऱ्याच्या या म्हाताऱ्या मुलाने विचारले होते. पत्र लिहायला स्थानिक पाद्र्याने मदत केली असावी, असे त्यांच्या मुलीचे मत. चर्चच्या प्रवक्त्याने उत्तराचा आशय सांगितला: मातृभूमीच्या रक्षणासाठीचे शस्त्र असेल तर चर्च ते घडवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्या सैनिकाच्या पाठीशी आहे. २३ डिसेंबर २०१३ रोजी कलाश्निकोव्ह गेले.

मला त्या पत्रातला प्रश्न खरा वाटतो आणि उत्तर अपुरे. उत्तराने विचारलेल्या प्रश्नाला हातच घातला नाही. शेखाडीच्या किनाऱ्यावरची रायफल कोणाच्या मातृभूमीचे रक्षण करत होती? पण दोषाचा मोठा वाटा मी त्यांच्याकडे टाकत नाही. १९४७ च्या कोव्ह्रोव्हमध्ये बसलेल्या सार्जंटला पुरुलिया दिसणे शक्य नव्हते. परवान्यांवर सह्या करणारे, गोदामे भरणारे, कोणाच्याही हाती पोचेल हे माहीत असून पेट्या पाठवणारे मॉस्को, बीजिंग, वॉशिंग्टन आणि इस्लामाबादचे कारभारी यांना मात्र ते दिसत होते. श्रेय एकट्याला देताना राज्याने जी चूक केली, तीच दोष एकट्याला देऊन आपण करू नये. त्यांचा स्वतःचा वाटा एवढाच, की त्या एकट्याच्या कहाणीला त्यांनी आयुष्यभर होकार दिला. आणि कहाणीचे श्रेय घेणाऱ्याला तिच्या ओझ्यातून पूर्ण सुटका मिळत नाही.

हा प्रश्न आता भारताचाही आहे. पुण्याच्या पाषाणमधल्या शस्त्र संशोधन संस्थेने घडवलेल्या इन्सास रायफलीत एकेचाच लांब दट्ट्या आणि फिरता बोल्ट आहे. अमेठीजवळच्या कोरवा येथे रशियाबरोबरच्या संयुक्त कंपनीत एके-२०३ बनते आहे; डिसेंबर २०२१च्या करारानुसार सहा लाखांहून अधिक रायफली आपल्या सैन्यासाठी आहेत, आणि पुढे मित्रदेशांना निर्यात करण्याचाही विचार बोलून दाखवला गेला आहे. सैन्याला चांगली रायफल मिळते आहे याचा आनंद आहेच. पण आजवर आपण या साखळीच्या शेवटच्या टोकाला होतो, आता पहिल्या टोकाला येत आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्र व्यापार करार मंजूर केला, तेव्हा रशिया, चीन आणि भारत तिघेही तटस्थ राहिले. चीन २०२० मध्ये त्या करारात आला; भारताने आणि रशियाने अजून सही केलेली नाही. त्यामागे सुरक्षेची कारणे असतील आणि ती ऐकून घ्यावीत. पण कोरव्यातून बाहेर जाणारी प्रत्येक रायफल कोणाला विकली, तिच्यावर कोणता क्रमांक आहे आणि ती पुढे कोणाच्या हाती गेली, याची नोंद सरकारने ठेवावी आणि संसदेपुढे मांडावी, ही मागणी आपण करायला हवी. चौपाटीवर जिथे ओंबळे पडले, त्या शहराला ती करायचा हक्क आहे.